एक विठ्ठल, दोन उंबरे
बेळगाव-निपाणीकडचे मराठी आणि कन्नड भाविक एकाच विठ्ठलाच्या दर्शनाला जातात. भाषा आड येत नाही. मग जात का आली? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले की, गटांचा नुसता सहवास पुरत नाही. समान दर्जा, एकच ध्येय, सहकार्य आणि सत्तेचा पाठिंबा असेल तरच पूर्वग्रह ओसरतो. पंढरीत ध्येय एक होते, दर्जा नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेरच आहे, आणि अस्पृश्यांना मंदिरप्रवेश १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर मिळाला. भक्तीतली समता उंबऱ्यावर थांबली, हे वेदनादायक सत्य आहे. निपाणीत १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, तेव्हा मागणी देवाच्या कृपेची नव्हती, माणसाच्या दर्जाची होती.