दररोज देवावर अवलंबून राहणे म्हणजे नेमके काय?



"मी पूर्णपणे देवावर अवलंबून आहे" हे शब्द आपण साक्षीत, प्रार्थनेत आणि सहभागितेच्या सभेत इतक्या वेळा ऐकतो की कोणी त्यांचा अर्थ विचारला तर पटकन सांगता येत नाही. मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्या पुस्तकात 'अवलंबून असलेली व्यक्ती' म्हणजे जी स्वतः कमवत नाही आणि जिचा खर्च दुसरा कोणी उचलतो ती. घरीही लहानपणापासून हेच ऐकलेले असते, की शिका आणि स्वतःच्या पायावर उभे राहा. मग शिकलेल्या, कमावत्या माणसाने रोज कोणावर तरी विसंबून राहावे, हा सद्गुण कसा? हा आळस नाही का? माझ्या वर्गातल्या विश्वासात नसलेल्या मैत्रिणी मला हे विचारतात. मला तो प्रश्न रास्त वाटतो, आणि "तुला नाही समजणार" असे म्हणून तो टाळू नये असेही वाटते.

निर्गमच्या 16 व्या अध्यायात इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना मिळाला, ती गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून माहीत आहे. माणशी एक ओमर, तोही त्याच दिवसापुरता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. आमच्या हिशोबात कालची अखेरची शिल्लक हीच आजची सुरुवातीची शिल्लक असते. अरण्यात मात्र रोज सकाळी सुरुवातीची शिल्लक शून्य! चाळीस वर्षे असा ताळेबंद कोणाला सहन होईल?

पण तोच अध्याय नीट वाचला तर आळसाचा आरोप टिकत नाही. मान्ना तंबूत येऊन पडत नव्हता. ऊन तापले की तो वितळून जाई, म्हणून सकाळीच बाहेर पडून तो गोळा करावा लागे. गणनाच्या 11 व्या अध्यायात पुढचेही काम सांगितले आहे. लोक तो जात्यावर दळत किंवा उखळात कुटत, मग शिजवून त्याच्या पोळ्या करत. म्हणजे वाकणे, गोळा करणे, दळणे आणि भाजणे हे सगळे त्यांचे काम होते. फक्त जमिनीवर मान्ना पडेल की नाही, हे त्यांच्या हातात नव्हते. अभ्यास न करता परीक्षेच्या आदल्या रात्री "देव पाहून घेईल" म्हणणारा विद्यार्थी या गोष्टीत कुठेच बसत नाही.

आणखी एक गोष्ट आपण सहसा वाचत नाही. गिलगाल येथे लोकांनी कनान देशाचे धान्य खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी मान्ना बंद झाला (यहोशवा 5). मग अवलंबून राहणेही संपले का? अनुवादच्या 8 व्या अध्यायात मोशेने याच वेळेबद्दल आधी सावध करून ठेवले होते. घरे बांधून होतील, गुरेढोरे वाढतील, सोने-चांदी साठेल, आणि मन म्हणू लागेल की हे सारे माझ्याच बळाने मिळाले. मला वाटते, अरण्यातली परीक्षा त्यामानाने सोपी होती. हात रिकामे असले की माणूस आपोआप वर पाहतो. खात्यात पगार जमा झालेला असताना, फ्रिज भरलेला असताना, सकाळी उठून देवाकडे भाकर मागणे अवघड आहे. आपल्यापैकी बहुतेक जण आज गिलगालच्या पलीकडे राहतात.

म्हणून साठवणे म्हणजे अविश्वास, असे मी म्हणणार नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि तोही देवाने दाखवल्यामुळे. लूकच्या 12 व्या अध्यायातल्या धनवानानेही कोठारे बांधायचे ठरवले, पण तो मूर्ख ठरला. दोघांत फरक काय? तो धनवान सगळा विचार एकट्यानेच करतो, स्वतःच्याच जिवाशी बोलतो. त्याच्या बोलण्यात देव नाही, शेजारी नाही, उपाशी माणूस नाही. योसेफाची कोठारे मात्र उघडण्यासाठीच भरलेली होती.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. त्याला अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. ही मदत कधीतरी थांबणार हे ओळखून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली आणि संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून तिथे फळझाडे लावली. ही व्यवहारी योजना होती आणि तिच्यात काहीच चुकीचे नव्हते. मग 1896-97 चा दुष्काळ आला. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. एवढ्या तोंडांचा हिशोब कोणत्याही योजनेत नव्हता. फळबागेसाठी घेतलेल्या त्याच जमिनीवर मुक्ती मिशन उभे राहिले. त्यांनी विहिरी खोदल्या, मुलींना कामे शिकवली, छापखाना चालवला, आणि रोजच्या गरजा रोज प्रार्थनेत मांडल्या. योजना आणि प्रार्थना यांपैकी एकच निवडा, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ते ऐकले असते असे वाटत नाही.

ज्यांच्या अनुभवांनी रमाबाईंना बळ मिळाले, त्यांत ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर होते. 1836 मध्ये त्यांनी भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी काम सुरू केले. पुढे अ‍ॅशली डाउन येथे पाच मोठी घरे बांधली, जिथे एका वेळी दोन हजारांहून अधिक मुले राहू शकत. त्यांनी कर्ज काढले नाही, कोणाकडे पैसे मागितले नाहीत. पण हिशोब मात्र काटेकोर ठेवला आणि दरवर्षी छापला. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. 1841 च्या डिसेंबरात पैसे अगदी कमी पडले होते. वार्षिक सभा आणि अहवालाची वेळ आली होती, आणि अहवाल वाचून लोकांनी नक्कीच देणग्या दिल्या असत्या. नेमके म्हणूनच म्युलर यांनी सभा आणि छपाई पुढे ढकलली. अहवाल ही मागण्याची आडवाट होऊ नये, एवढी काळजी! आजकाल "फक्त प्रार्थनेसाठी सांगतो" म्हणत खाते क्रमांक पाठवला जातो, तेव्हा मला हा डिसेंबर आठवतो.

आता फळाविषयी. योहानच्या 15 व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो आणि आपल्याला फाटे. त्याच्यापासून वेगळे होऊन आपल्याला काहीच करता येणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आपल्या शास्त्रात 'फाटा' शब्द आहे, नाशिक-सांगलीचा बागायतदार 'काडी' म्हणतो. तिथे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. (येशूच्या देशात वेल हिवाळ्यात विसावतो, तिथले वेळापत्रक वेगळे.) खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते. मग नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, उन्हाळ्याच्या त्या आठवड्यांत, पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत पुरेसे ऊन मिळाले नाही, वेलीचे पोषण नीट झाले नाही, तर ऑक्टोबरनंतर घड कमी निघतात, आणि तेव्हा कितीही फवारण्या केल्या तरी जो घड डोळ्यात घडलाच नाही तो बाहेर येत नाही.

'राहणे' हा शब्द त्या अध्यायात पुन्हा पुन्हा का येतो, हे मला यावरून थोडे समजले. सभेत बोलायची वेळ आली, घरात आजारपण आले, कोणी अपमान केला, त्या क्षणी संयम आणि प्रीती ओढून आणता येत नाही. ती ज्या दिवसांत घडते ते दिवस साधे असतात: वचन वाचून काही विशेष वाटले नाही, प्रार्थनेत डोळे मिटत होते, तरी बसलो.

फळ म्हणजे काय, याबद्दलही आपल्यात मोठा गैरसमज आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी सी.ए.च्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली. ती रोज प्रार्थना करणारी, अभ्यासही मनापासून करणारी. मंडळीतले कोणीतरी तिला म्हणाले, "विश्वासात कुठेतरी कमी पडलीस." हे बोलणे निर्दय होते आणि शास्त्राला धरूनही नव्हते. गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात आत्म्याच्या फळात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांची नावे आहेत. निकाल, नोकरी, परदेशचा व्हिसा यांची नाहीत. फाटा वेलीत राहिला की फळ येते, पण कोणते फळ हे वेल ठरवतो. त्याच आठवड्यात ती मुलगी पास झालेल्या मैत्रिणीच्या घरी गेली, तिचे अभिनंदन केले आणि पेढे खाल्ले. मी सोबत होते. तिच्या चेहऱ्यावर दिखावा नव्हता. मला तो गलतीकरांस पत्राचा 5 वा अध्याय वाटला. रात्री ती रडली, हेही खरे.

मग रोज करायचे काय? माझी पद्धत साधी आहे. सकाळी वचन वाचल्यावर मी आजच्या दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन देवापुढे ठेवते, जी माझ्याने होणार नाही हे मला पक्के माहीत असते. बहुतेक वेळा ती गोष्ट म्हणजे एखादे माणूस असते. "आज मला आशीर्वाद दे" यापेक्षा "दुपारी त्यांच्याशी बोलताना माझी जीभ सांभाळ, पवित्र आत्म्याने मला भर" असे मागणे मला जास्त खरे वाटते. रोजकीर्दीसारखी एक छोटी वही आहे. मागितले ते सकाळी लिहायचे, काय झाले ते रात्री. कधी उत्तर दिसते, कधी माझीच हट्टी वागणूक दिसते. काही दिवस काहीच कळत नाही. तेव्हा तारीख टाकते, जागा कोरी ठेवते आणि झोपते.