बेजार

सकाळी चिकोडीतल्या कुठल्याही कचेरीच्या दारात थोडा वेळ उभं राहा. एक शब्द दोन भाषांतून कानावर येईल : बेजार. मराठीत बेजार झालेला माणूस उन्हानं, कामानं, हेलपाट्यांनी जेरीस आलेला असतो. कानडीतलं बेजार मात्र मनाला लागलेलं असतं. ‘बेजार माडकोब्याडरी’ म्हणजे वाईट वाटून घेऊ नका हो. शब्द मूळचा फारसी. दोघी शेजारणींनी तो उसना आणला. एकीनं अंगावर घेतला, दुसरीनं मनात ठेवला. टेबलाच्या अलीकडचा माणूस मराठीत बेजार झाला की पलीकडचा कानडीत होतो, एवढं साधं गणित समजायला मला नोकरीची निम्मी वर्षं लागली.

मी टेबलाच्या अलीकडचा होतो. रागीट नव्हतो, निदान तसं मला वाटायचं. कधी कुणावर ओरडलो नाही, फाईल आपटली नाही. एकदा आत बसलेलो असताना दाराबाहेर आमच्या शिपायाचा आवाज ऐकला. कागदावर सही घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला तो हलक्या आवाजात सांगत होता, ‘इवत्त ब्याडरी, नाळे बर्री.’ आज नको, उद्या या. मी तर सकाळपासून रिकामाच होतो. शिपायाला बोलावून विचारलं. आधी तो काही बोलेना. मग म्हणाला, ‘साहेब, तुम्ही आज गाडी लावली तवाच कळलं.’ मी स्कूटर स्टँडला कशी लावतो यावरून हा माणूस दिवसभराचं हवामान ठरवत होता, आणि त्यावर एका शेतकऱ्याचं बसभाडं आणि अख्खा दिवस बुडत होता. त्या सकाळी घरी गॅस संपला होता, बाकी काही नाही.

साहेबाला तोंड उघडावं लागतच नाही. खालचा माणूस वरच्याचा चेहरा वाचण्यात तरबेज असतो, कारण त्याचं पोट त्यावर असतं. उलट शिपायाच्या घरचा गॅस संपला तर मला पत्ताही लागला नसता.

अमेरिकेतल्या सिगल बार्सेड या अभ्यासक बाईंनी 2002 साली, एकाचा मूड दुसऱ्याला कसा लागतो यावर, एक प्रयोग छापला. व्यवस्थापन शिकणाऱ्या 94 विद्यार्थ्यांचे छोटे गट केले आणि बोनसची रक्कम कुणाला किती द्यायची यावर त्यांना चर्चा करायला बसवलं. प्रत्येक गटात एक विद्यार्थी खोटा होता, नाटकाचं शिक्षण घेतलेला. तोच नेहमी आधी बोलायचा. कुठे उत्साहात, कुठे शांत आपुलकीनं, कुठे चिडून, कुठे मरगळून. मूड गटाला लागत गेला. जिथं प्रसन्नता पसरली तिथं भांडण कमी आणि देणंघेणं जास्त झालं. मला यातली खरी मेख पुढे वाटते : गटाचं काम चांगलं का झालं याचं कारण सांगताना मुलं तिसरंच काहीतरी सांगत होती. आपल्याला काही लागलंय याची त्यांना खबरच नव्हती.

एवढ्यावरून काही जण म्हणतील, मग कामावर सदा हसतमुख राहावं. मला ते पटत नाही. न पटायचं कारण इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे.

निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यातच होती. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर तंबाखूचा खकाणा जायचा आणि हातात मजुरी तुटपुंजी पडायची. 1982 मध्ये दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटातले साथी या बायकांबरोबर चार महिने राहिले आणि त्यांनी एक छोटा माहितीपट केला, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. नाव मला फार आवडतं. तंबाखू रचून ठेवली की रास आतून तापते. वरून हात फिरवून समजत नाही, आत घालावा लागतो. पडद्यावर या बायका बोलतात, संघटनेची भाषा करतात. एकीनं आपलं दुखणं मोठ्यानं सांगितलं की शेजारणीला तिचं आठवतं; आपल्या नशिबाला लावलेला बोल मग मालकाच्या हिशेबाला लागतो. तिथं कुणी त्यांना हसतमुख राहा म्हणून सांगितलं असतं तर ते मालकाच्याच सोयीचं झालं असतं.

राग दोन्हीकडे पसरलाच. माझ्या कचेरीत तो वरून खाली घरंगळत गेला आणि सगळ्यात शेवटी उभा असलेल्याच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या, पदरात पडला. वखारीत तो खांद्याला खांदा लावून बसलेल्या बायकांत आडवा पसरला. म्हणून वजनानं तो खाली कुणावर कोसळला नाही.

आणखी एक. ‘युगांतर’च्या चित्रपटात बायकांनी आपल्या आधीच्या संपाचे काही प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा करून दाखवले. बार्सेडबाईंच्या गटातला नटही काही वेळा राग करून दाखवत होता, पण तो त्याचा नव्हता. घंटा झाली की संपला. या बायकांनी आपलाच राग दुसऱ्यांदा अंगावर घेतला.

त्या दिवसानंतर मी स्कूटर लावून एक मिनिट गाडीजवळच थांबायला लागलो. शिपाई खिडकीतून बघायचा. काही दिवसांनी तो खाली येऊन म्हणाला, ‘साहेब, तब्येत बरी नाही का?’ मी म्हटलं, घरचा गॅस संपलाय. तो मोठ्यानं हसला आणि वर जाऊन दारातल्या माणसांना म्हणाला, ‘बर्री, बर्री, वळग बर्री.’ या, या, आत या.