काठावरचें धैर्य

आपल्या जिवाचा धनी कोण, हा प्रश्न वर्गांत विचारला म्हणजे बहुतेक विद्यार्थी क्षणाचाहि विलंब न लावतां 'ज्याचा तो' असें उत्तर देतात. उत्तर निर्भय आहे, म्हणून मला तें आवडतें. परंतु तें पुरेसें आहे काय, ही शंका एका जलतरणपटूच्या चरित्रानें माझ्या मनांत कायमची उभी केली आहे.

डेना व्होल्मर ही अमेरिकन मुलगी २००३ सालीं १५ वर्षांची होती. हृदयाचे ठोके अतिवेगानें पडत म्हणून त्या वर्षीं तिच्यावर उपचार झाले, आणि तेव्हांच 'लाँग क्यू-टी' नांवाचा दुसराहि एक दोष असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. या विकारांत हृदयाची घडण बहुधा निर्दोष असते; बिघडतो तो त्यांतील विजेचा हिशेब. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज होण्यास जो अवधि लागतो, तो येथें लांबतो. आणि तेवढ्यांत अवेळीं ठोका पडला तर सारा ताल विस्कटून माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगीं प्राणासहि मुकतो. हा दोष बहुधा आईबापांपैकीं एकाकडून येतो, आणि मग प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारांत श्रम हेंच संकटाचें निमित्त होतें, आणि श्रमांतहि विशेषेंकरून पोहणें.

शरीरांत यंत्र बसवून घेण्याचा सल्ला तिनें मानला नाहीं, आणि पोहणेंहि सोडलें नाहीं. मग विजेच्या झटक्यानें हृदय तालावर आणणारें लहानसें यंत्र बरोबर घेऊन तिची आई सरावाला आणि शर्यतींना जाऊं लागली. २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें ४ × २०० मीटर रिलेंत अमेरिकेच्या चौघींनीं जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळविलें. त्या चौघींत ती होती. २०१२ सालीं लंडन येथें १०० मीटर बटरफ्लाय शर्यत तिनें ५५.९८ सेकंदांत जिंकली. ती शर्यत ५६ सेकंदांच्या आंत पुरी करणारी ती पहिली स्त्री.

कथा येथेंच संपविली तर ती धैर्याची बोधकथा होते, आणि नेमके येथेंच आपण फसतों. पदकामुळें निर्णय बरोबर ठरतो काय? समजा, एखाद्या सकाळीं तें यंत्र वापरावें लागलें असतें आणि तें अपुरें पडलें असतें, तर ज्या मायलेकींना आपण आज धन्य म्हणतों, त्यांनाच आपण अविचारी म्हटलें असतें. माणसें तींच, निर्णय तोच. पालटलें असतें तें केवळ फळ. ज्या न्यायांत दैव हाच न्यायाधीश, त्याला नीति म्हणतां येत नाहीं. निर्णयाचें मोल तो घेतला त्या दिवशींच्या ज्ञानावरून आणि सावधगिरीवरूनच केलें पाहिजे.

शास्त्रहि येथें सावधपणेंच बोलतें. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१५ सालच्या शिफारशींनीं, उपचार चालू असून निदान तीन महिने कसलाहि त्रास न झालेल्या खेळाडूंना, योग्य ती खबरदारी घेऊन, स्पर्धेचें दार किलकिलें केलें. परंतु श्रमानें उद्भवणाऱ्या त्या प्रकाराचा त्रास ज्यांना एकदां होऊन गेला आहे, त्यांच्यासाठीं स्पर्धेंतील पोहणें त्या सवलतींतूनहि वगळलें.

मी पोहावयास शिकलों तो गांवच्या विहिरींत, पाठीला सुका भोपळा बांधून. वडील पायरीवर बसत. धाडस करणारा मी एकटाच, अशी माझी त्या वेळीं समजूत होती. पुढें माझ्या मुलीला प्रथमच खोल पाण्यांत सोडलें, तेव्हां कळलें कीं पाण्यांत उतरलेल्याला निदान हातपाय मारण्याचें काम असतें. काठावरच्याला केवळ पाहण्याचें.

जीव ज्याचा त्याचा, हें खरें. पण त्या जिवाचा घोर एकट्याचा कधींच नसतो. १५ वर्षांच्या मुलीला सर्वस्वीं आपल्याच मुखत्यारीनें मृत्यूशीं खेळण्याचा अधिकार नाहीं, तसाच तिचें अवघें आयुष्य कपाटांत जपून ठेवण्याचा अधिकार आईलाहि नाहीं. या दोन नकारांमधून जी अरुंद वाट जाते, ती दोघांनाहि कर्तव्यानें बांधते. संमति देणें म्हणजे हात झटकणें नव्हे. घरीं बसून दिलेली संमति ही बेफिकिरी होय. आणि दुसरा मार्ग न शोधतां केलेली मनाई ही पुष्कळदां आपली झोप मोडूं नये म्हणूनच केलेली असते. उलट, धोका पत्करणाऱ्यानेंहि घेरी आल्याचें लपवूं नये, औषध चुकवूं नये, आणि 'बाहेर ये' अशी हांक आली असतां ती ऐकावी. ज्याला ही हांक ऐकावयाची नाहीं, त्याला दुसऱ्यास काठावर बसविण्याचा अधिकार नाहीं.

म्हणून आतां वर्गांत 'ज्याचा तो' हें उत्तर आलें कीं मी त्याला खोटें म्हणत नाहीं. मी एवढेंच विचारतों, त्या वेळीं काठावर कोण बसणार? बहुतेक वेळां वर्ग कांहीं क्षण स्तब्ध राहतो, आणि आपापल्या घरचें एखादें माणूस प्रत्येकाला आठवत असावें.