किराणा दुकानातील समजीविता



धम्म म्हटला की आपल्यापुढे विहार येतो, वंदना येते, ध्यान येते. किराण्याची पिशवी काही येत नाही. परंतु कोलियांपैकी दीघजाणू नावाचा गृहस्थ तथागतांकडे आला, तेव्हा त्याने काहीही झाकून ठेवले नाही. आम्ही बायकामुलांच्या गराड्यात राहणारे, चंदन लावणारे, माळा घालणारे, सोनेनाणे बाळगणारे लोक आहोत. आमच्या हिताचा धम्म सांगावा, अशी त्याने विनंती केली. तथागतांनी त्याला संसार सोडावयास सांगितले नाही. या जीवनातील हितासाठी त्यांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या: उद्योगाने मिळविणे, मिळविलेले सांभाळणे, कल्याणमित्रांची संगत धरणे आणि समजीविता, म्हणजे मिळकत पाहून जगणे. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात हे सुत्त आहे. समजीवितेला तथागतांनी उपमा दिली ती तराजू धरणाऱ्याची. पारडे कितीने झुकले आणि कितीने उचलले हे जसे त्याला कळते, तसे गृहस्थाला आपली आवक आणि जावक कळली पाहिजे. उपमा सरळ बाजारातली आहे!

हा तराजू आपल्या हाती फार उशिरा आला, हे विसरून चालणार नाही. बलुत्याच्या काळात गावकी करावयाची आणि खळ्यावर पदरात पडेल ते धान्य आणावयाचे. किती द्यावयाचे आणि कसले द्यावयाचे, हे देणारा ठरवी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामगिरीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. आज आपण दुकानात ताठ उभे राहून ‘ही डाळ नको, ती दाखवा’ असे म्हणू शकतो.

पण असे कोण म्हणू शकतो? ज्याची उधारी नाही, तो. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही, वजनावर बोट ठेवता येत नाही. पुढे येईल ते मुकाट्याने पिशवीत घालावे लागते. मग खळ्यावरच्या त्या पदरात आणि या पिशवीत फरक तो काय राहिला? दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन, ही उतरण तथागतांनी इणसुत्तात भिक्खूंना सांगितली आणि यातील प्रत्येक पायरी हे गृहस्थाचे दुःखच आहे, असे म्हटले. आता उधारीची वही मोबाइलमध्ये शिरली आहे. ‘आज घ्या, नंतर द्या’ म्हणणारे कर्ज चार बोटांच्या हालचालीत मिळते. उतरण मात्र तीच आहे.

म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी यादी झाली पाहिजे. डबे उघडून पाहावे, घरात काय शिल्लक आहे ते पाहावे, मगच लिहावे. यादीत नाही ते पिशवीत नाही. भुकेल्या पोटी आणि हट्टी मुलाला बरोबर घेऊन बाजाराला जाऊ नये, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागत नाही. पाकिटाच्या चित्राकडे न पाहता वजनाकडे पाहावे, कारण दहा रुपयांचे पाकीट दहाचेच राहते आणि आतला माल हळूच कमी होतो. आता पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापण्याचा नियम आहे. तो वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतल्या मुलाने वाचून दाखवावा. त्याच्या शिक्षणाचा हा पहिला उपयोग. ज्यांचे नाव प्राधान्य यादीत आहे त्यांना २०२३ पासून माणशी महिना पाच किलो धान्य रेशनवर मोफत मिळते. हे कोणाचे दान नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. ते न उचलता तेच धान्य उधारीवर आणणे हा शुद्ध प्रमाद होय.

कोणी म्हणेल, रोजंदारीवर जगणाऱ्याने महिन्याचा किराणा एकदम कोठून भरावा? आक्षेप खरा आहे. गरिबाला माल महाग पडतो, कारण तो थोडा थोडा घेतो. समजा, तूरडाळ किलोला १५० रुपये आहे आणि पाव किलो घेतली तर ४० पडतात. चार वेळा पाव किलो घेणाऱ्याने किलोमागे १० रुपये जास्त मोजले. तेल, साखर, चहा, साबण यांचेही असेच. एकट्याला हे चक्र तोडता येत नाही. पण वस्तीतील पाच घरांनी किंवा बचत गटाने पैसे एकत्र करून कट्टा आणला आणि सर्वांसमक्ष मापून वाटला, तर तोडता येते. तथागतांनी कल्याणमित्रता त्याच चौघांत का घातली, हे मला तरी येथेच कळते.

आता एक कठोर गोष्ट. काटकसर सुरू झाली की आपल्या घरांत कात्री प्रथम कोठे लागते? बाईच्या ताटाला आणि पोरांच्या दुधाला. हा धम्म नव्हे. भरपूर मिळकत असून कंगालासारखा जगणारा माणूसही त्याच सुत्तात चुकीचा ठरविला आहे. तळ्याचे पाणी कोणत्या वाटांनी वाहून जाते तेही तेथे सांगितले आहे, आणि त्यांत मद्य आहे, जुगार आहे. मुलाचे अंडे नाही. दिवसाला दहाच्या दोन तंबाखूच्या पुड्या म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये. यादीत त्या कोणीच लिहीत नाही! चौदा एप्रिलला कर्ज काढून नवे कपडे आणि मिठाई आणणाऱ्यांनाही हेच विचारावेसे वाटते. ज्यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या जयंतीला उधारी?

तेव्हा येत्या पौर्णिमेपासून घराघरांत एक वही घालावी. डाव्या बाजूस आवक, उजव्या बाजूस जावक. ज्याच्या हातून पैसा खर्च झाला त्याने त्याच रात्री लिहावे, मग ती पुडी असो की पालकाची जुडी. मोबाइलवरून दिलेलेही लिहावे. तेथे नोट हातातून सुटताना दिसत नाही, म्हणून ते तर आधी लिहावे. महिनाअखेर नवरा-बायकोने ती वही मुलांसमोर मोठ्याने वाचावी, आणि उजवी बाजू जड निघाली तर पुढच्या यादीतून काय वगळावयाचे ते तेथेच, सर्वांच्या मताने ठरवावे.