कपातीचा रकाना

गावाकडे पोराला नोकरी लागली की पहिला प्रश्न पॅकेजचा असतो. चुलते विचारतात, 'किती लागलं?' आणि वडील 'साडेतीनच्या पुढंच आहे' असं मोघम सांगतात, म्हणजे ऐकणारा आपोआप चार धरतो. पूर्वी 'चिकटला का?' एवढंच विचारत. कुठे चिकटला, एस.टी.त, झेड.पी.त की साखर कारखान्यात, यावरून पगार, पेन्शन, रजा आणि लग्नाच्या बाजारातला भाव सगळं उमगायचं. आता कंपनीचं नाव ऐकून काहीच कळत नाही, म्हणून आकडा विचारतात. आकड्यावरूनही फारसं कळत नाही, हे ध्यानात यायला पहिला महिना भरावा लागतो.

एका कारखान्याच्या पगार विभागात माझी सगळी नोकरी गेली. पहिला पगार झाला की नवी मुलं टेबलाशी यायची. भांडायला कुणी येत नसे. ओशाळल्यासारखी उभी राहायची. बीडकडचा एक डिप्लोमावाला पोरगा स्लिपची बारीक घडी करून आला होता. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "सर, माझी गैरहजेरी लागलीय का?" नव्हती लागली. "मग तेवीसच कसे आले? घरी तीस सांगितलेत." वडिलांनी त्या तिसाच्या भरवशावर ट्रॅक्टरच्या हप्त्याचा शब्द देऊन टाकला होता.

हिशेब साधा आहे. वर्षाचं पॅकेज 3 लाख 60 हजार, म्हणजे महिन्याला 30,000. बेसिक 15,000 धरा. कंपनीनं भरायचा पीएफ 1,800, तो पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 721. आरोग्यविम्याचे 500 धरा, आणि 'व्हेरिएबल' नावाचे 2,000, जे वर्षअखेरीला मिळाले तर मिळाले. राहिले 24,979. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसायकर 200. हातात 22,979. यात चोरी नाही. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर सगळं छापलेलं असतं. मला खटकते ती ग्रॅच्युइटी. 1972 च्या कायद्यानं तिला सलग पाच वर्षांच्या नोकरीची अट घातली. नव्या कामगार संहितेनं ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला ती एका वर्षावर आणली, कायम नोकरीला पाचच ठेवली. दोन वर्षांत दुसरीकडे उडी मारणाऱ्या मुलाच्या पॅकेजमध्ये ही रक्कम दाखवायची आणि तो गेला की ती आपल्याकडेच राहू द्यायची, हे कायद्यात बसतं, पण शोभत नाही.

पीएफचं उलट आहे. तिथे मुलाला वाटतं आपले पैसे कुणी तरी खाल्ले, आणि प्रत्यक्षात त्याच्या नावावर दुप्पट जमा होत असतात. कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन योजनेत जातात, 550 भविष्य निधीत. पेन्शनला दहा वर्षांची सेवा आणि वयाची 58 वर्षं पुरी व्हावी लागतात. बावीस वर्षांच्या पोराला अठ्ठावन्न म्हटलं की तो हसतो. हसणारच. पहिली नोकरी सुटली की अर्ज करून तो पैसे काढतो आणि गाडीचं डाऊन पेमेंट करतो. मी कित्येकांना अडवायला गेलो, ऐकलं थोड्यांनीच.

मुलं दोनशे रुपयांबद्दल मात्र कधी विचारत नसत. रक्कमच एवढीशी, कोण विचारतो! मला सांगावंसं वाटायचं ते नेमकं त्या दोनशेबद्दल. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे माणसं रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर खडी फोडायला गेली. घरात लाल मिलो, कामावर सुकडी. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. योजनेला पैसा कुठून आणायचा, म्हणून राज्यानं 1975 मध्ये व्यवसायकर बसवला. शहरातल्या पगारदारानं आपल्या पगारातून थोडं काढून द्यायचं आणि त्यातून कोरडवाहू गावातल्या बाईच्या हाताला काम मिळायचं, असा तो व्यवहार होता. पुढे 2005 मध्ये केंद्रानं देशभरासाठी हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

त्या बीडच्या पोराला मी विचारलं, "आजी होती का कामावर?" होती. खडी फोडताना उडालेल्या कपचीनं तिच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं. त्याला हे ठाऊक होतं, कराचं ठाऊक नव्हतं. कॉलेजात त्याला आठवडाभर 'सॉफ्ट स्किल्स' शिकवली होती: टाय कसा बांधावा, हात कसा मिळवावा. पगाराची स्लिप कुणी दाखवली नव्हती. माझ्या मते माणूस मोठा होतो तो या कपातीच्या रकान्यात. डावीकडच्या रकमा त्याच्या एकट्याच्या असतात. उजवीकडे कधीही न भेटलेल्या माणसांशी त्याचा हिशेब सुरू होतो, आणि म्हाताऱ्या झालेल्या स्वतःशीही.

पूर्वी हे सांगणारं कुणी तरी असायचं. कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत आलेला पोरगा मुंबईत उतरला की थेट गावकीच्या खोलीवर जायचा. पाळीप्रमाणे झोपायचं, जेवायला खानावळ. त्या खानावळवाल्या बायकांची पुढे 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. खोलीत एखादा जुना कामगार असायचा. बदलीवर असताना गेटवर किती वाजता उभं राहायचं, फंडाचं बघायचं कसं, मनीऑर्डर किती करायची आणि पिक्चरला किती ठेवायचे, सगळं तो सांगायचा. त्या खोलीचे गोडवे मला गायचे नाहीत. ती गावाची, म्हणजे बहुधा जातीचीही असायची. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांना 1928 च्या संपात मांडावा लागला. जे खात्यात, तेच खोल्यांत. पण पहिल्या पगाराशी पोरगा तिथे एकटा नसे.

आज वाकडला तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सहा जण राहतात. दूध, वायफाय, भांडीवाल्या मावशींचा पगार, सगळं ॲपवर पैशापर्यंत वाटलेलं. दोस्ती पक्की, पण सगळेच तेवीस वर्षांचे. अनामत कुठल्या कारणासाठी कापता येते हे सहापैकी एकालाही माहीत नसतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणं ही 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. ती त्यानं पाळली नाही तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं आधी धरलं जातं. हे वाचून सहाही जण उडतील. ऑफिसात पंचेचाळिशीच्या साहेबाला एकेरी नावानं हाक मारायची असते, तरी आजारपणाची रजा मागताना घसा पूर्वीसारखाच कोरडा पडतो. घरी फोन केला तर आई विचारते, जेवलास का. वडील विचारतात, कायम कधी करणार. दोघांच्याही प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नसतं.

मुलींचं आणखी वेगळं. महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला राज्यानं 2023 पासून व्यवसायकर माफ केला आहे. पण सरकारनं सोडलेलं घर सोडत नाही. एटीएम कार्ड वडिलांकडे, 'तुझ्याच लग्नाला ठेवतोय' म्हणून. आमच्याकडे अशा मुली येत, स्लिपची झेरॉक्स मागत आणि मूळ स्लिप घरी देत. ही कपात कुठल्याच रकान्यात छापलेली नसते, आणि तिचं समर्थन मला तरी करता येत नाही.

यंदा ज्यांच्या घरात पहिला पगार आला असेल, त्यांना एक विनंती. दिवाळीला पोरगं किंवा पोरगी घरी येईल तेव्हा पॅकेज विचारू नका. स्लिप मागा आणि उजव्या बाजूनं वाचायला घ्या. यूएएन नंबर चालू आहे का, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लावलंय, तेही बघा. आणि फेब्रुवारीत दोनशेच्या जागी तीनशे कापले गेले, तर त्याला कंपनीशी भांडायला लावू नका. घटनेनं या कराला वर्षाची 2,500 ची मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, एवढाच तो हिशेब आहे.