दुकानापुढचे चुन्याचे गोल

बाजारात माणूस नुसतं सामान आणायला जात नाही. आमच्या पांढरकवड्याकडच्या गावांत बाजाराच्या दिवशी मजूर कामाला येत नाहीत, कारण आठवड्याचा चुकारा त्याच दिवशी होतो. चुकारा घेऊन बाई बाजारात जाते, तेल, मीठ, मिरची घेते, लेकरांसाठी भजे बांधून घेते. माहेरच्या गावचं कोणी भेटलं की निरोप देते. दोन रुपयांसाठी भाजीवालीशी भांडते आणि जाताना तिच्याच टोपल्यातली मूठभर सांभार फुकट उचलते. त्या भांडणात राग नसतो. ती ओळख असते.

२०२० सालच्या मार्चमध्ये हे सगळं थांबलं. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला. २४ च्या रात्री पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि रात्री बारापासून देश बंद झाला. आठवडी बाजार बंद, एसटी बंद, जिनिंग बंद. गावात उघडी राहिली ती दोन किराणा दुकानं आणि एक रेशनचं. ग्रामपंचायतीच्या माणसानं त्या दुकानांपुढे चुन्याचे गोल आखले. एका गोलात एक माणूस.

मला इथं रोगाबद्दल लिहायचं नाही. ते डॉक्टर लोकांचं काम. मी दहावी शिकलेला शेतकरी. मला दुकानाच्या काउंटरबद्दल लिहायचं आहे. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. एकाला माल पाहिजे, दुसऱ्याला पैसा पाहिजे, आणि दोघांनाही एकमेकाच्या श्वासाची भीती आहे. अशा वेळी माणसानं माणसाशी कसं वागावं? हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घोळवत आहे.

आधी एक चांगली गोष्ट सांगतो. एप्रिलचं ऊन आमच्याकडं कसं असते ते यवतमाळच्या माणसाला सांगायची गरज नाही. त्या उन्हात गोलात उभं कोण राहणार? दोन-तीन दिवसांत लोकांनी तोड काढली. आपली चप्पल नाही तर पिशवी गोलात ठेवायची आणि लिंबाच्या सावलीत दूर दूर बसायचं. नंबर आला की उठायचं. एका बाजूला कारभाऱ्याचा बूट, त्याच्यामागं मजुराची रबरी चप्पल, त्याच्यामागं कोणाची फाटकी पिशवी. मी पुष्कळ दिवस पाहिलं, कोणी दुसऱ्याची चप्पल मागं सरकवली नाही. पोलीस नव्हता, कॅमेरा नव्हता. ज्या गावात धुऱ्यासाठी भाऊ भावावर केस करतो, त्या गावात चपलेचा नंबर सगळ्यांनी पाळला. माणसाला नियम पाळता येत नाही, असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. नियम सगळ्यांना सारखा असला, तर तो पाळायला माणूस तयार असतो.

पण चप्पल उचलून माणूस काउंटरपाशी गेला की तिथं वेगळं चाले.

एका दुकानात दुकानदारानं आडवं बाक लावलं होतं. गहू सोंगून आलेली एक मजूर बाई बाकाजवळ आली तसा तो ओरडला, "दूर सर, दूर! तिकडूनच बोल!" तिनं नोट पुढं केली, तर यानं तेलाच्या डब्यातली पळी लांब करून तिच्यात नोट टाकायला लावली. साखरेची पुडी वरून पिशवीत सोडली. ती म्हणाली, "मले काही रोग नाही जी. सकाळपासून वावरात होती." त्यानं उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं मोटरसायकलवर एक जण आला. नागपूरला नोकरी करणारा, चार दिवसांपूर्वीच गावी आलेला. त्याच्यासाठी बाक सरकलं. तो आत गेला, पंख्याखाली खुर्चीवर बसला आणि दोघांनी नागपुरात काय चाललं आहे त्याच्या गोष्टी केल्या.

आता रोगाच्या हिशोबानं पाहिलं तर भीती कोणाची वाटायला पाहिजे होती? ती बाई दोन महिन्यांत गावाबाहेर गेली नव्हती. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, ते दुबईची सहल करून आले होते. आमच्या जिल्ह्यातले पहिले रुग्णही दुबईहूनच आलेले. यात त्यांचा दोष नाही, रोग कोणालाही होतो. पण रोग विमानातून आला आणि पळी मजुराच्या बाईपुढं झाली, हे खरं आहे.

बौद्ध वस्तीतले एक म्हातारे बाबा त्या दिवशी सावलीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. ते हसले आणि मला म्हणाले, "भाऊ, सरकारनं आता सांगतलं, दूर उभं राहा म्हणून. आमाले तं हे लहानपणापासूनच येते. माह्या बापाच्या ओंजळीत शेटजी वरूनच मीठ टाके. तवा कोणता रोग होता?"

मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. ते बोलणं मात्र माझ्या मनातून गेलं नाही. त्या दिवसांत रेडिओवर, मोबाइलच्या ट्यूनवर, भिंतीवर एकच शब्द होता, सामाजिक अंतर. जागतिक आरोग्य संघटनेनंसुद्धा मार्च महिन्यातच सांगितलं होतं, की शारीरिक अंतर म्हणा, कारण अंग दूर ठेवायचं आहे, माणसं तोडायची नाहीत. आमच्याकडं तो बदललेला शब्द फारसा पोहोचला नाही. आणि सामाजिक अंतर म्हटल्यावर गावाला ते शिकवावं लागलं नाही. ते हजार वर्षांपासून आमच्या हाडात होतं. चुन्याचा गोल नवा होता, वरून टाकायचा हात जुनाच होता.

मग दूर राहणं आणि दूर लोटणं यातला फरक ओळखायचा कसा? कारण दूर राहणं तर भागच होतं. त्या दुकानदाराच्या जागी मी असतो तर मलाही भीती वाटली असती. दिवसाला शंभर माणसं समोर येतात, घरात म्हातारी आई आहे, लहान लेकरं आहेत. भीतीला नावं ठेवणं सोपं आहे.

याचं उत्तर मला गावातल्याच दुसऱ्या दुकानात सापडलं. तिथं दुकानदाराची बायको बसे. तिनं दोरी बांधली होती. पैसे तीही डब्यातच घेई, नोटा उन्हात ठेवी. पण येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य बोले, "राग नका मानजा, घरी सासूबाई दमेकरी हायेत." सरपंचाला तेच, मजुराला तेच, माहेरून आलेल्या तिच्या भावालाही तेच. भाऊसुद्धा दोरीच्या बाहेर उभा राहिला. आणि स्वतः ती ओढणी नाकावरून खाली येऊ देत नसे, म्हणजे तुमच्यापासून मला भीती आहे तशी माझ्यापासून तुम्हालाही आहे, हे तिनं मान्य केलं होतं.

दोरी दोन्ही दुकानांत होती. डबा काय नि पळी काय, काम एकच. पण एका दुकानातून माणूस मान खाली घालून निघे आणि दुसऱ्यातून "सासूबाईला जपा" म्हणून निघे. मी त्यावरून तीन गोष्टी ताडून पाहायला शिकलो. अंतर सगळ्यांना सारखं आहे काय? ते दोन्ही बाजूंनी आहे, की फक्त समोरचाच घाणेरडा? आणि ते ठेवताना तोंडातून माणसाला शोभेल असा शब्द निघतो काय? या तिन्हींचं उत्तर हो असलं तर ती काळजी. एकाचंही नाही असलं, तर रोगाचं निमित्त करून जुनाच माज चालला आहे असं समजावं.

असंच निमित्त फळवाल्यांच्या बाबतीत झालं. त्या एप्रिलमध्ये मोबाइलवर नाही नाही ते व्हिडिओ फिरले आणि काही गावांत फेरीवाल्याला आधी नाव विचारू लागले. नाव ऐकून गाडी परत पाठवू लागले. वर्षानुवर्षं आमच्या भागात येणारा एक बागवान टरबुजाची गाडी घेऊन वेशीवरूनच परत गेला. त्याच्या गाडीवरची टरबुजं कोणाची होती? शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याची, नाल्याकाठच्या वावरातली. त्यानं ती उधारीवर उचलली होती. नाव विचारणाऱ्यांना वाटलं आपण एका परक्याला परत पाठवलं. खरं म्हणजे त्यांनी आपल्याच भावकीतल्या माणसाचा माल सडवला. खरेदी-विक्रीचा धागा असाच असतो. एका टोकाला झटका दिला की दुसऱ्या टोकाला कोण पडेल ते दिसत नाही.

आता भावाची गोष्ट. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो.

मास्क आणि सॅनिटायझर सरकारनं जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात घातलं आणि भाव बांधून दिले. दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, २०० मिलीची सॅनिटायझरची बाटली १०० रुपये. खर्ऱ्याला मात्र भाव बांधणारा कोणी नव्हता. तो चोरून दुप्पट-तिप्पट भावानं विकला गेला. डाळ, तेलाचे भाव चढले. लोक दुकानदाराला शिव्या देत होते. दुकानदार म्हणे, वरूनच माल महाग येतो, गाडी भाडं वाढलं, पोलीस अडवतात, आणि जीव धोक्यात घालून दुकान मी उघडतो. त्याचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं.

त्यानं मला एक प्रश्न विचारला, तो चोख होता. "दादा, तुमच्या कापसाले भाव चढला तं तुम्ही कमी भावात विकता काय?" नाही विकत. कापसाला भाव यावा म्हणून आम्ही घरात कापूस भरून ठेवतो, अंगाला खाज सुटते तरी ठेवतो. मग दुकानदारानं तूरडाळ दाबून ठेवली तर त्याला साठेबाज का म्हणायचं?

मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं आहे. गिरणीवाला आमचा कापूस घेतला नाही म्हणून उपाशी मरत नाही. तो नाही म्हणू शकतो, दुसरीकडून घेऊ शकतो. पण ज्या बाईला गावाबाहेर जायची बंदी आहे, जिच्याजवळ शंभरच रुपये आहेत, ती डाळीला नाही म्हणू शकत नाही. समोरच्याला नाही म्हणायची सोय असेल तोवर तो व्यापार आहे. ती सोय नसेल तेव्हा भाव वाढवणं म्हणजे त्याच्या अडचणीची किंमत लावणं आहे. आणि हे आम्हालाही तेव्हाच कळलं, कारण त्याच महिन्यांत सरकारी कापूस खरेदी बंद पडली होती. लांब धाग्याचा हमीभाव होता ५,५५० रुपये क्विंटल, पण केंद्रच बंद. पेरणी तोंडावर आलेली, घरात पैसा नाही. खेडा खरेदीवाला दारात आला आणि हमीभावाच्या पुष्कळ खाली भाव सांगितला. तेव्हा आमच्याजवळही नाही म्हणायची सोय नव्हती. किराणा दुकानात जे त्या बाईचं झालं, ते आमच्या अंगणात आमचं झालं. दोन्हीकडं उभं राहिल्याशिवाय न्याय कळत नाही.

गरज कशाला म्हणायचं, हेही वाटतं तितकं सरळ नाही. खर्रा, दारू ही काय गरज आहे, असं मी सहज म्हटलं असतं. पण एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकानं बंद होती तेव्हा आमच्याच जिल्ह्यात, वणीला, सॅनिटायझर पिऊन सात माणसं मेली. मजूर माणसं होती. तेव्हापासून दुसऱ्याच्या गरजेवर हसताना मी थबकतो.

त्या दुसऱ्या वर्षी तर वेळही कमी झाली. फेब्रुवारीपासूनच यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडं रोग वाढला होता. एप्रिलच्या शेवटी किराणा सकाळी ७ ते ११ एवढाच उघडा. गर्दी होऊ नये म्हणून चार तास दिले, आणि चारच तास असल्यामुळं गर्दी झाली. तेव्हा दोरीवाल्या बाईनं एक केलं. आदल्या संध्याकाळी लोकांच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि रात्री पुड्या बांधून ठेवल्या. तेलाचं एका घराला एकच पाकीट. कोणी जास्त मागितलं तर म्हणे, "तुमी दोन नेले तं मागचा खाली हातानं जाईल." काही लोक तिच्यावर चिडले. पण कोणी खाली हातानं गेलं नाही.

माझी आजी मानमोडीच्या साथीची गोष्ट सांगायची. ती साथ १९१८ सालची, तेव्हा ती लहान पोर होती. घरंच्या घरं तापानं पडली होती. ती म्हणे, ज्या घरात धूर निघत नसे त्या घराच्या ओट्यावर तिची आई भाकर आणि पाण्याची गडू ठेवून दूर जाऊन उभी राही आणि हाक मारी. आतून कोणी हात बाहेर काढला, की मग घरी येई. कोणी हात काढला नाही, तर माणसं बोलवी. तिला जंतू माहीत नव्हते, फूट-मीटर माहीत नव्हतं. पण दूर उभं राहायचं आणि तरी निघून जायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

२०२२ च्या पाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले. चुन्याचे गोल तर त्याआधीच दोन पावसाळ्यांत धुऊन गेले होते. बाजार पुन्हा भरतो, भाजीवालीशी भांडण पुन्हा होते. ती गहू सोंगणारी बाई आता दुसऱ्या दुकानात जाते. पहिल्या दुकानात साखर एक रुपयानं स्वस्त आहे, तरी जाते. त्या वर्षांतली उधारी बहुतेकांनी सोयाबीन विकून फेडली. वहीत लिहिलेलं फिटते. पण अडचणीच्या दिवसांत कोण कोणाशी कसं बोललं, ते कोणत्या वहीत लिहिलेलं नाही. ते प्रत्येकाला पाठ आहे. पुढची साथ कधी येईल ते माझ्या हातात नाही. ती आली तर दोरी पुन्हा बांधावी लागेल, आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतील.