आधीचा कागद

दुसऱ्या डॉक्टरांकडे निघालेल्या माणसाला घरातलं एखादं जाणतं माणूस हमखास बजावतं, "आधीचे कागद लगेच बाहेर काढू नका. बघू तरी हे काय म्हणतात." चंदगडहून बेळगावकडे जाणाऱ्या वडापमध्ये मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कुणीतरी बसलेलं असतंच. पिशवीत जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं, एखादी एक्स-रेची मोठी फिल्म. इतकं सगळं बरोबर घ्यायचं, चाळीसेक किलोमीटर सांभाळत न्यायचं आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पिशवीची गाठ सोडायची नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठं दाखवलं होतं?" की उत्तर ठरलेलं, "नाही, तसं कुठं नाही."

मला या खोट्याविषयी लिहायचं आहे. ते लबाडीचं नाही, भीतीचं आहे. पण त्यानं नुकसान होतं, आणि ते बोलणाऱ्याचंच होतं.

चंदगडचा माणूस दुसरं मत घ्यायला बेळगावलाच का जातो, हे नकाशा बघितल्यावर सांगावं लागत नाही. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या पलीकडे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. शिनोळी-तुडयेकडच्या माणसाला तर बेळगाव म्हणजे रोजचा बाजार. मोठी इस्पितळं तिथं, मोठ्या लॅब तिथं. शिवाय, हे कुणी उघड म्हणत नाही, तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. गावातल्या डॉक्टरांना न कळता दुसऱ्याला विचारता येतं. ज्या डॉक्टरांनी आईला ऐन पावसात रात्री येऊन सलाईन लावलं, ज्यांची फी दोन हंगाम उधार राहिली तरी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, त्यांच्या समोर "तुमचा रिपोर्ट दुसरीकडे दाखवून येऊ का?" असं विचारायला जीभ रेटत नाही. "त्यांना काय वाटेल?" या तीन शब्दांपाशी हक्क वगैरे सगळं अडतं.

हक्क आहेच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. आपले रिपोर्ट मिळण्याचा आणि तपासणी कुठं करायची ते आपण ठरवण्याचा हक्कही त्यात आहे. ऊस कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी बाहेर तोलून बघू, असं शेतकरी उघडपणे म्हणतो, भांडतो, त्यासाठी आंदोलनंही होतात. रक्ताच्या बाबतीत मात्र तोच माणूस मान खाली घालून चोरपावलांनी दुसऱ्या काट्यावर जातो. डॉक्टर आणि कारखाना एक नव्हे, हे मान्य. नातं वेगळं आहे. पण नातं वेगळं आहे म्हणून आकडा चुकायचा राहत नाही.

आकडा कसा चुकतो, हे थोडं बघू. कारण लोकांना वाटतं, चुकला म्हणजे कुणीतरी फसवलं. बहुतेक वेळा तसं नसतं. साखरेसाठी रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतात. त्या नळीत फ्लोराइड असतं, रक्तातल्या पेशींना साखर खाण्यापासून ते आवरतं. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात आणि तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. सकाळी गावात घेतलेलं रक्त दुपारी शहरात पोचलं तर कागदावर जो आकडा येतो तो माणसाचा कमी, प्रवासाचा जास्त. उलट, सुई नीट लागली नाही, रक्त जोरात ओढलं किंवा नळी घाटातून आदळत गेली की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. प्लेटलेटचं तर आणखी मजेशीर. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधानं काही थोड्या माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन गठ्ठ्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. माणूस ठणठणीत आणि कागदावर पेशी चाळीस हजार! अशा वेळी काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यानं बघितलं, किंवा दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजलं, की खरं कळतं. तोवर घरात पपईच्या पानांचा रस काढून झालेला असतो.

आणि ते जाड अक्षरातले आकडे. रिपोर्टवर उजवीकडे जी मर्यादा छापलेली असते ती बहुधा निरोगी माणसांतल्या 95 टक्क्यांना सामावणारी असते. म्हणजे काहीही झालेलं नसताना विसातला एक माणूस त्या रेषेबाहेर जाणारच. आता 'फुल बॉडी'च्या नावाखाली एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा जाड अक्षरात येण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास जाते. त्या एका जाड आकड्यासाठी माणसं रात्रभर जागतात.

पण याहून मोठी चूक आकड्यात नसते. ती प्रश्नात असते. पावसाळ्यात रोप लावणीनंतर ताप येतो, तिसऱ्या दिवशी विडाल होते, 'पॉझिटिव्ह' येते आणि घरभर होतं, "टायफॉइड झालाय." पुढच्या वर्षी पुन्हा ताप, पुन्हा विडाल, "टायफॉइड उलटला." ही तपासणी 1896 सालची, फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरच्या नावाची. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती वाढायला आठवडाभर तरी लागतो, आणि जुन्या आजाराची, कधी दुसऱ्याच तापाची प्रतिद्रव्यंही त्यात उठून दिसतात. म्हणून पुस्तकात लिहिलंय, एकदा करा, काही दिवसांनी पुन्हा करा, आकडा चौपट वाढला तर बोला. तपासणी स्वतःच दुसऱ्यांदा विचारा म्हणते, आणि आपण पहिल्या कागदावर थांबतो. चिखलात दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाचा तो ताप लेप्टोचा असेल तर? तेव्हा तीच विडाल बेळगावात पुन्हा करून काय मिळणार? दुसरी लॅब आणि दुसरं मत यांत हा फरक आहे. लॅब तोच प्रश्न पुन्हा विचारते. मत देणाऱ्यानं प्रश्नच बदलायला हवा.

याचं ठळक उदाहरण आपल्या घाटाखालीच घडलं. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर परिसरात ताप पसरला. काजूचा हंगाम तोंडावर, माणसं बागांत आणि जंगलात. अशा तापात पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, आणि साधा रिपोर्ट बघून कुणीही डेंग्यू म्हणावं. डेंग्यू नव्हता. तो माकडताप होता, 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला, गोचिडीतून येणारा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत त्या विषाणूसाठीच तपासणी झाली तेव्हा नाव कळलं. प्लेटलेट शंभर वेळा मोजून ते कळलं नसतं. "जंगलात गेला होता का? माकडं मेलेली दिसली का?" हे कुणीतरी विचारावं लागतं. चंदगड आणि दोडामार्गच्या मध्ये फक्त तिलारीचा घाट आहे.

आता पुन्हा त्या न सोडलेल्या पिशवीकडे. कागद लपवल्यानं काय जातं? क्रिएटिनिन घ्या. बेळगावच्या कागदावर 1.3 आलं. बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत बसतं, डॉक्टर म्हणणार, ठीक आहे. पिशवीत मात्र आठ महिन्यांपूर्वीचा 0.8 चा कागद आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर ठीक नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलंय आणि त्या आठ महिन्यांत गुडघेदुखीच्या कुठल्या गोळ्या रोज पोटात गेल्या, हे विचारायला हवं. एकटा 1.3 यातलं काही सांगत नाही. रक्ताचा एक आकडा म्हणजे एका सकाळची गोष्ट, डॉक्टरांना हवी असते वर्षाची.

लपवणाऱ्याच्या बाजूनंही एक मुद्दा आहे आणि तो चांगला मुद्दा आहे. पहिल्यानं टायफॉइड लिहिलंय हे दिसलं की दुसऱ्याच्या डोळ्यावर तोच चष्मा चढतो. डॉक्टरही माणूसच. मग सांगणार काय? माझं उत्तर असं, की आकडे दाखवा, औषधं दाखवा, मत तेवढं थोडं मागं ठेवा. "आधी दाखवलंय, हे सगळे रिपोर्ट. त्यांनी काय सांगितलं ते नंतर सांगते, आधी तुम्ही बघा." इतकं सरळ बोललेलं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला चालतं. "कुठं दाखवलं नाही" हे मात्र चालत नाही, कारण त्यानं मत स्वतंत्र होत नाही, आंधळं होतं.

तरीही मी या खोट्याचं निम्म्याहून जास्त ओझं रुग्णावर टाकणार नाही. संशय हवेतून आलेला नाही. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एक रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल पुण्यातल्या एका केंद्राकडून 1,200 रुपयांचा चेक आला. त्यांनी तो पचवला नाही, वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. त्या प्रकरणानं सगळ्यांना माहीत असलेली 'कट'ची गोष्ट एका चेकच्या रूपात समोर आली. 2017 मध्ये राज्यानं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला. मसुदा झाला, कायदा झाला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. पुढच्या वेळी हातात कागद पडला की खालची सही बघा, तिच्याखालची पदवी बघा. छापून ठेवलेली सही आणि वर कुणाचं नाव नाही, असा कागद असेल तर दुसऱ्या मताआधी पहिलंच मत मिळालेलं नाही असं समजा.

म्हणून डॉक्टरमंडळींनी थोडं पुढं यावं. चांगल्या लॅब स्वतःच दुसरं मत घेत असतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या योजनेत देशभरच्या लॅब सहभागी होतात, सगळीकडे एकच नमुना जातो आणि आपला आकडा बाकीच्यांच्या किती जवळ आला हे प्रत्येक लॅबला कळतं. त्यात कुणाचा अपमान होत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर सरकारनं हे नियमातच बसवलं आहे. लक्षणं नसलेल्या माणसाला एका किटवर 'पॉझिटिव्ह' म्हणून सांगत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटवर तोच निकाल आला तरच सांगतात, तेही समुपदेशकाच्या समोर बसवून. शंका घ्यायचं काम व्यवस्थेनं स्वतःकडे घेतलं, रुग्णाच्या गळ्यात टाकलं नाही. मग साध्या तापाचा, थायरॉईडचा, साखरेचा कागद देताना "मनात शंका असेल तर दाखवून या, मी चिठ्ठी देतो" एवढं डॉक्टरांनी आपणहून म्हणायला काय हरकत आहे? लक्षणं नसतील तर मधुमेहाचं निदानही एका कागदावर करू नये, दुसऱ्यांदा तपासून मगच म्हणावं, असं वैद्यकशास्त्रच सांगतं.

एक जमात मात्र वेगळी. तिला मत नको असतं, मनाजोगता आकडा हवा असतो. उपाशीपोटीची साखर 148 आली की दोन दिवस भात सोडायचा, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये जायचं, 121 आली की तोच कागद फ्रेम केल्यासारखा जपायचा आणि पहिल्या लॅबच्या नावानं बोटं मोडायची. यांना पैशाची अडचण नसते. अडचण असते ती रोजगार बुडवून, घरी म्हशीची धार कुणावर तरी सोपवून बेळगाव गाठणाऱ्या बाईची, आणि तिलाच दुसऱ्या मताची खरी गरज असते. तिच्यासाठी एक स्वस्त वाट आहे. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ई-संजीवनीवरून लांबच्या डॉक्टरांशी जोडून देता येतं, पैसे पडत नाहीत. तिथंही कागद दाखवावेच लागतील.

आणि बेळगावहून परत आल्यावर? बेळगावच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, हे गावच्या डॉक्टरांना सांगायचं की नाही? बहुतेक घरांत सांगत नाहीत. मग जुनी रक्तदाबाची गोळी डब्यात राहते, नवीही येते. नावं वेगळी, आतलं औषध एकच, आणि म्हातारा दोन्ही खातो. जुलैत ताम्रपर्णीचं पाणी पुलावर असतं, बेळगावची वाट बंद असते आणि रात्री चक्कर येऊन पडलेल्या त्याच म्हाताऱ्याला बघायला गावचेच डॉक्टर येतात. त्यांच्या हिशेबी तो अजून एकच गोळी घेतोय. तेव्हा गेलेलं सांगा. डॉक्टर रागावतील? रागावू देत. दोन दिवसांनी रिपोर्ट मागून घेतील आणि चष्मा लावून वाचत बसतील.